न दुखणाऱ्या पायाची सूज

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें गांव वसलेलें आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा. पावसाळ्यांत बांध्याबांध्यांतून पाणी सांचून राहतें, आणि रस्त्यावरून अहोरात्र मालमोटारींची रीघ चालू असते. अशा मुलखांत पाठीच्या कण्यास इजा होण्याचे प्रसंग मुख्यतः दोन प्रकारचे. कोणी झाडावरून, छपरावरून किंवा विहिरीच्या कांठावरून खालीं पडतो. कोणी रस्त्यावरील अपघातांत सांपडतो. मणका मोडतो, त्याच्या आंतील मज्जारज्जु चिरडला जातो, आणि क्षणापूर्वीं धांवणारा मनुष्य कमरेखालीं निर्जीव होऊन पडतो. पाय जागच्या जागीं असतात. परंतु ते हलत नाहींत, आणि त्यांस चिमटा काढला तरी त्यांच्या धन्यास त्याची वार्ता लागत नाहीं.

पुढें कांहीं दिवसांनीं किंवा महिन्यांनीं घरच्या मंडळींच्या लक्षांत येतें कीं, एक पाय दुसऱ्यापेक्षां जाड दिसत आहे. ही सूज कशाची? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचें भरंवशाचें उत्तर मिळविण्यास वैद्यकशास्त्रास शंभरांहून अधिक वर्षें खर्चावीं लागलीं. आजहि अनेक घरांत तें उत्तर घाईनें व चुकीचें दिलें जातें, आणि त्या चुकीची किंमत कधीं कधीं प्राणांनीं द्यावी लागते.

रोगनिदानाच्या कामीं वेदना ही वैद्याची पहिली साक्षीदार होय. “कोठें दुखतें?” हा प्रश्न वैद्य सर्वांआधीं विचारतो. रोगी बोट ठेवून जागा दाखवितो, आणि निम्में काम तेथेंच होऊन जातें. मज्जारज्जु निकामी झालेल्या मनुष्याच्या बाबतींत ही साक्षीदार मुकी झालेली असते. मांडीचें हाड मोडलें तरी तो कण्हत नाहीं. पोटरींतील शीर रक्ताच्या गुठळीनें बुजली तरी त्यास कळ येत नाहीं. पायांतील बऱ्यावाइटाची बातमी देण्यास उरते ती सूज, आणि फार तर तिच्यासोबत येणारी ऊब व लाली. तेव्हां या सुजेच्या निदानाचा इतिहास म्हणजे वेदनेची रिकामी जागा मनुष्यानें डोळ्यांनीं, हातांनीं, फितीनें आणि अखेरीस यंत्रांनीं कशी भरून काढली, याचा इतिहास होय.

कण्याच्या दुखापतीची पहिली नोंद फार जुनी आहे. १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें ईजिप्तांतील लक्सर येथें पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. ब्रेस्टेड या पंडितानें १९३० सालीं तिचें भाषांतर प्रसिद्ध केलें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं लिहिलेल्या त्या लेखांत मानेचा मणका निखळलेल्या मनुष्याचें वर्णन आहे. अशा मनुष्यास आपल्या हातापायांची जाणीव राहत नाहीं, हें त्या प्राचीन वैद्यानें नेमकें टिपलें होतें. आणि या दुखण्यावर उपचार करूं नये, असा निर्वाळाहि दिला होता.

आपल्याकडे सुश्रुतानें सुजेचे सहा प्रकार सांगितले आणि त्यांत आघातानें येणारी आगंतु सूज निराळी काढली. सूज एक दिसली तरी तिचीं कारणें अनेक असतात, हें सूत्र त्यांत आहेच. पाय हत्तीच्या पायासारखा करणाऱ्या श्लीपदाचें वर्णनहि त्यानें केलें. जेथें जुनें पाणी सांचून राहतें आणि जे देश सर्व ऋतूंत थंड असतात, तेथें हा रोग होतो, असें त्याचें निरीक्षण आहे. नागपूरकडच्या उन्हाळ्याकडे पाहतां थंडीची गोष्ट सोडून द्यावी लागेल. परंतु सांचलेल्या पाण्याची गोष्ट मौद्याच्या धानाच्या बांध्या पाहणाऱ्यास पटल्यावांचून राहणार नाहीं. या श्लीपदाकडे पुढें पुनः वळावें लागेल.

ईजिप्तच्या त्या वैद्याचा निर्वाळा मात्र तीन हजारांहून अधिक वर्षें टिकला. कारण, कणा मोडलेला मनुष्य फार दिवस जगतच नसे. अंथरुणास खिळल्यामुळें पाठीस व्रण पडत, मूत्रमार्गांत विष शिरे, आणि थोड्याच अवधींत सर्व आटोपे. जो मनुष्यच राहत नाहीं, त्याच्या पायाची सूज कोण पाहणार?

तरी पण पुढें उपयोगी पडणारें ज्ञान मधल्या काळांत तयार होत होतें. रूडॉल्फ फिर्शो या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असें दाखवून दिलें कीं, पायाच्या शिरेंत गोठलेलें रक्त तेथून सुटून फुप्फुसांत जाऊन अडकूं शकतें. १८५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विवेचनावरून पुढें तीन कारणांचें सूत्र रूढ झालें. रक्ताचा प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीस इजा होणें आणि रक्ताच्या घटनेंत फरक पडून तें गोठण्याकडे झुकणें, हीं तीं तीन कारणें. पायांतील रक्त वर चढविण्याचें पुष्कळसें काम पोटरीचे स्नायु करीत असतात. मनुष्य चालूं लागला कीं ते शिरांना पिळून रक्त वर ढकलतात. लुळ्या पायांत हा पंप बंद पडतो. शिवाय अपघाताच्या धक्क्यानें रक्त लौकर गोठूं लागतें, आणि शिरेस इजाहि झालेली असूं शकते. म्हणजे फिर्शोच्या सूत्रांतील तीनहि कारणें या एका देहांत एकत्र येतात.

पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न युरोपच्या दारांत आणून टाकला. कण्यांत गोळी लागलेले शेंकडों तरुण सैनिक रुग्णालयांतून पडून होते. पॅरिस येथें ऑगस्टा देजरीन-क्लुंप्के या विदुषी त्यांची शुश्रूषा करीत होत्या. याच बाईंनीं १८८६ सालीं पॅरिसच्या रुग्णालयांत निवासी वैद्याची जागा स्पर्धापरीक्षेनें मिळविली होती, व तसा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकीं होत्या. १९१८ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी आन्द्रे सेलिए यांनीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. या लुळ्या सैनिकांच्या मांड्या व गुडघे सुजत, सांधे आंखडत, आणि क्ष-किरणांनीं पाहिलें असतां जेथें हाड असूं नये तेथें, म्हणजे सांध्याभोंवतींच्या मांसांत, नवें हाड तयार झालेलें दिसे. सुजेच्या निदानांत एका अगदीं नव्या कारणाची भर पडली. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला नसता तर ही गोष्ट जिवंत मनुष्याच्या शरीरांत दिसलीच नसती.

खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धांत. लुडविग गुटमन हे ज्यू मज्जारोगतज्ज्ञ नाझींच्या छळामुळें जर्मनी सोडून १९३९ सालीं इंग्लंडांत आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडव्हिल येथें कण्याच्या रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला, त्याचे ते प्रमुख झाले. रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें, मूत्राशयाची स्वच्छता कटाक्षानें राखावयाची, आणि त्यास कामास व खेळास लावावयाचें, हा त्यांचा परिपाठ. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, त्यांनीं चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांचे धनुर्विद्येचे सामने भरविले. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचें मूळ तेंच.

गुटमन यांच्या कामांतील एक भाग निदानाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा आहे. १९४७ सालीं त्यांनीं व व्हिटरिज यांनीं असें दाखविलें कीं, कण्यास वरच्या भागांत इजा झालेल्या मनुष्याचें मूत्राशय तुडुंब भरलें तर त्यास तें कळत नाहीं, परंतु त्याचा रक्तदाब एकाएकीं चढतो. डोकें ठणकतें, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या वर इजा असेल तर मोडलेल्या हाडानें किंवा पायांतील व्रणानेंहि हेंच घडूं शकतें. वेदना मनापर्यंत पोहोंचली नाहीं, तरी देह तिची तक्रार दुसऱ्या वाटेनें नोंदवीतच असतो. ती वाचणारा मात्र पाहिजे.

आपल्या देशांतहि हें ज्ञान पुढें संस्थांच्या रूपानें उभें राहिलें. मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ सालीं अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. पुण्याजवळ खडकी येथें १९७४ सालीं जायबंदी सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र सुरू झालें. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचें उदाहरण तर प्रसिद्धच आहे. १९६५ च्या युद्धांत त्यांस अनेक गोळ्या लागल्या व कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत त्यांनीं पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. ज्या दुखण्यावर उपचारच करूं नये असें एके काळीं ठरलें होतें, त्यांतून उठलेला मनुष्य पन्नास वर्षांहून अधिक काळ कर्तबगारीनें जगूं शकतो. आणि तो जगतो म्हणूनच त्याच्या पायांची राखण हा आयुष्यभराचा प्रश्न होतो.

सुजेच्या अनेक कारणांत सर्वांत भयंकर कारण म्हणजे शिरेंतील रक्ताची गुठळी. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तिचा धोका सर्वांत अधिक; त्यांतहि पहिले कांहीं आठवडे फार जोखमीचे. ती ओळखण्यासाठीं अमेरिकन शस्त्रवैद्य जॉन होमन्स यांनीं १९४० च्या सुमारास एक खूण रूढ केली. रोग्याचें पाऊल वरच्या अंगास वाकवावें. पोटरींत कळ आली तर गुठळीचा संशय घ्यावा. धडधाकट मनुष्याच्या बाबतींतहि ही खूण पुढें कच्ची ठरली. मग ज्यास कळच येत नाहीं, त्याच्या बाबतींत तिचा उपयोग काय?

वेदनेवांचून निदान करावयाचें तर शीर प्रत्यक्ष पाहावयास हवी. पोर्तुगालमधील दुश सांतुश यांनीं १९३८ सालीं पायाच्या शिरेंत औषध टोंचून क्ष-किरणांनीं तिचें चित्र काढण्याची रीत दाखविली. ती भरंवशाची होती, परंतु त्रासाची. सुजलेल्या पावलांत बारीक शीर शोधून सुई घालणें हें सोपें काम नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत ध्वनिलहरींची परीक्षा प्रचारांत आली, तिचें तत्त्व एखाद्या मुलासहि समजेल इतकें सोपें आहे. यंत्राचा दांडा मांडीवर व गुडघ्यामागें ठेवून हलकेंच दाबावयाचा. निरोगी शीर मऊ असल्यानें चपटी होते; जिच्यांत गुठळी आहे ती दबत नाहीं. सुई नाहीं, चिरफाड नाहीं, आणि “दुखतें का?” हा प्रश्नहि नाहीं. ज्या रोग्याची वेदना मुकी आहे, त्याच्यासाठींच जणुं ही परीक्षा निर्माण झाली.

१९९७ सालीं कॅनडांतील वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संशयाची मोजदाद करण्यासाठीं गुणांची एक यादी प्रसिद्ध केली. तींत पाय लुळा असणें यास एक गुण आहे. आणि गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खालीं मोजलें असतां एक पोटरी दुसरीपेक्षां तीन सेंटिमीटरांहून अधिक जाड भरली, तर त्यासहि एक गुण आहे. शिंप्याच्या साध्या फितीस शास्त्राच्या दरबारांत असें मानाचें स्थान मिळालें. ‘डी-डायमर’ नांवाची रक्ताची एक परीक्षाहि आहे. परंतु ताज्या दुखापतीनंतर, व्रण असतांना किंवा ताप असतांना ती गुठळीवांचूनहि चढी येते. म्हणून तेवढ्यावरून गुठळी आहे असें म्हणतां येत नाहीं.

आतां इतर कारणांची निवड कशी करतात तें पाहूं. दोन्ही पाय सारखे सुजले, बोटानें दाबलें असतां खळगा पडला, आणि रात्रभर पाय उंच ठेवल्यावर सकाळीं सूज ओसरली, तर खुर्चींत पाय लोंबते ठेवून बसल्यानें उतरलेलें तें पाणी असण्याचा संभव अधिक. तरीहि हृदय, मूत्रपिंड व यकृत यांची तपासणी एकदां करून घ्यावी लागते. दुखापतीनंतर एक ते चार महिन्यांच्या सुमारास मांडीचा वरचा भाग गरम होऊन सुजला आणि खुब्याचा सांधा पूर्वीइतका वळेनासा झाला, तर देजरीन-क्लुंप्के बाईंनीं वर्णिलेल्या नव्या हाडाची शंका घ्यावी. साध्या क्ष-किरणांत तें कांहीं आठवडे उशिरानें दिसतें; अस्थींचें किरणोत्सर्गी चित्र तें लवकर दाखवितें.

गुडघ्याच्या आसपास एकाएकीं सूज व काळेंनिळें डाग दिसले, तर हाड मोडलेलें असूं शकतें. न वापरलेलें हाड हळूहळू विरळ होतें. पलंगावरून खुर्चींत बसवितांना पाय मुरगळला एवढ्यानेंहि तें मोडतें, आणि घरांत कोणास पत्ताहि लागत नाहीं. कातडी लाल व तापलेली असेल आणि अंगांत ताप असेल, तर टांच, बोटांच्या बेचक्या, नखें व बसण्याची जागा येथें एखादा लहानसा व्रण लपलेला आहे काय तें शोधावें. परंतु हीं लक्षणें एकमेकांत मिसळतात. गुठळीचा पाय गरम असतो, नव्या हाडाचाहि असतो, मोडलेल्या हाडाचाहि असतो. कधीं दोन कारणें एकाच पायांत एकत्र नांदतात. म्हणून जाणते वैद्य एक कारण सांपडलें म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवीत नाहींत.

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत या यादींत आणखी एक नांव येतें, तें म्हणजे सुश्रुताचें श्लीपद, लोकांच्या बोलींतील हत्तीपाय. १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुइस यांनीं या रोगाचे सूक्ष्म जंतु मनुष्याच्या रक्तांत पाहिले. १८७७ सालीं पॅट्रिक मॅन्सन यांनीं चीनमधील अमॉय येथें ते डासाच्या पोटांत वाढतांना दाखविले. हे जंतु रात्रीं रक्तांत फिरतात, म्हणून त्यांच्या परीक्षेसाठीं रक्तहि रात्रींच घेण्याची रीत पडली. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेंत डॉ. हरिनाथ यांनीं या रोगाच्या रक्तपरीक्षेवर दीर्घकाळ संशोधन केलें. २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत तीन औषधें एकत्र देण्याची नवी मोहीम आरंभीच्या जिल्ह्यांपैकीं एक म्हणून हातीं घेण्यांत आली.

ही सर्व प्रगति स्तुत्य आहे. परंतु जेथें एखादा रोग सर्वांच्या परिचयाचा असतो, तेथें प्रत्येक सुजेस त्याचेंच नांव देण्याचा मोह होतो. हत्तीपाय वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो. जांघेंत गांठी येणें, अधूनमधून थंडीताप भरणें, कातडी जाड व खरबरीत होणें, अशी त्याची चाल असते. लुळ्या मनुष्याचा कालपर्यंत बरा असलेला पाय आज सुजला, तर तो हत्तीपाय समजून स्वस्थ बसणें म्हणजे गुठळीस फुप्फुसापर्यंत जाण्याची मुभा देणें होय.

याहूनहि मोठा धोका प्रेमांतून उत्पन्न होतो. सुजलेला पाय दिसला कीं घरांतील वडील मंडळी तेल कोमट करून तो चोळावयास बसतात, विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेंक देतात, आंखडलेला सांधा बळेंच ताणून सरळ करूं पाहतात. यांत माया आहे, यांत संशय नाहीं. परंतु चोळण्यानें शिरेंतील गुठळी सुटण्याची भीति आहे. ज्या कातडीस चटका कळत नाहीं ती शेंकानें भाजून निघते. आणि विरळ झालेलें हाड ताणानें मोडतें. ज्याचा पाय दुखतो तो “पुरे” म्हणून हात धरतो. या मनुष्यास तसें म्हणतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें “थांबा” हा शब्द घरच्यांनींच उच्चारावयाचा आहे.

मौद्यापासून नागपूर दूर नाहीं. १९४७ सालीं नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघालें, २०१८ पासून तेथें अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाहि चालू झाली आहे, आणि ध्वनिलहरींची परीक्षा आतां दुर्मिळ राहिलेली नाहीं. गुठळी वेळेवर सांपडली तर तिच्यावर औषध आहे. १९१६ सालीं बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेंत हेपारिनाचा शोध लागला, तेव्हांपासून रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची परंपरा वाढतच गेली आहे. नव्या हाडावर, मोडलेल्या हाडावर व व्रणांवरहि उपाय आहेत. उणीव असते ती वेळेवर लक्ष जाण्याची.

तें काम घरचें आहे, आणि त्यास फार साधनें लागत नाहींत. रोज आंघोळीच्या वेळीं दोन्ही पाय उजेडांत शेजारी ठेवून पाहावेत, हाताच्या पाठीनें त्यांची ऊब तुलनेनें अजमावावी, आठवड्यांतून एकदां ठरलेल्या जागीं फितीनें मापें घेऊन तीं वहींत तारखेसह मांडावींत. दुखापत ताजी असेल तेव्हां मापें रोज घ्यावींत. एक पाय जाड भरला, तर चोळणें, शेंकणें व ताणणें बंद ठेवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. दम लागला, छातींत कळ आली किंवा खोकल्यांतून रक्त पडलें, तर घटकाभरहि न दवडतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोकें ठणकून घाम फुटला, तर रोग्यास उठवून बसवावें, अंगावरील कपडे सैल करावेत, लघवी तुंबली आहे काय तें पाहावें, आणि ताबडतोब मदत मागवावी.

वहींतील ती तारीख आणि तीं मापें दवाखान्यांत सोबत न्यावींत. सूज कोणत्या दिवशीं आली, एका पायास आली कीं दोन्ही पायांस, सकाळीं ओसरली कीं नाहीं, हें त्या पानावरून डॉक्टरांस कळतें. आणि रोग्यास जें सांगतां आलें नसतें, त्यांतील पुष्कळसें तें पान सांगतें.